रिपीटर वर्ष

रिपीटर वर्ष : बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊनही एमबीबीएसला प्रवेश न मिळालेला विद्यार्थी, नीट ही प्रवेशपरीक्षा पुन्हा देण्यासाठी जे वर्ष राखून ठेवतो ते. उत्तर भारतात याला ‘ड्रॉप’ म्हणतात; मराठवाड्यात ‘रिपीट करणे’ हा शब्द रूढ आहे आणि कागदोपत्री या वर्षाची नोंद ‘गॅप’ अशी होते. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड किंवा आसपासच्या गावांतून निघालेला विद्यार्थी हे वर्ष सहसा गावात काढत नाही. लातूर, अंबाजोगाई, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे खोली आणि मेस लावून तो ते काढतो. खर्च, वेळ आणि मनावरचा ताण या तिन्ही दृष्टींनी अशा कुटुंबातला हा शिक्षणावरचा सर्वांत मोठा निर्णय असतो. तरीही शिक्षणव्यवस्थेच्या कोणत्याही आराखड्यात या वर्षाला जागा नाही.

जगात इतरत्र वैद्यकीय प्रवेशाची दुसरी संधी वेगळ्या रीतीने मिळते. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. अर्जदाराचे चार वर्षांचे गुण, एमकॅट परीक्षा (४७२ ते ५२८ या मापावर), शिफारसपत्रे, रुग्णालयातला अनुभव आणि मुलाखत असे सगळे एकत्र तोलले जाते. पदवीचे गुण कमी पडले, तर ते पुसता येत नाहीत. म्हणून तिथे खास पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाले. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातला शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यासक्रम आणि बॉस्टन विद्यापीठातला वैद्यकीय शास्त्रांचा अभ्यासक्रम ही त्यांतली जुनी नावे. जॉर्जटाउनमध्ये हे विद्यार्थी वैद्यकीय पहिल्या वर्षाच्या विषयांचा अभ्यास करतात आणि डॉक्टर होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांच्या तोडीने त्यांचे गुण पाहिले जातात. ‘मला हा अभ्यास झेपतो’ याचा तो पुरावाच. अर्जात पदवीचे आणि पदव्युत्तर गुण वेगवेगळे दाखवले जातात, त्यामुळे जुने गुण तसेच राहतात आणि शेजारी नवे उभे राहतात. धोकाही तेवढाच मोठा आहे : फी हजारो डॉलर असते आणि इथेही गुण घसरले, तर अर्ज पहिल्यापेक्षा दुबळा होतो. पण प्रवेश नाही मिळाला तरी हातात पदव्युत्तर पदवी राहते. एमबीबीएसच्या प्रवेशात मात्र अशा पदवीला काहीच किंमत नाही.

भारतीय नियमांत वरची पदवी पात्रतेत मोजली जाते, गुणवत्तेत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांपैकी किमान दोन विषय घेऊन बी.एस्सी. झालेला विद्यार्थी नीट देऊ शकतो. अर्जात त्यासाठी वेगळा पात्रता संकेतांक असतो. मात्र बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिला आलेल्याला त्याबद्दल एकही जादा गुण मिळत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतच चालणारी शरीररचनाशास्त्राची किंवा शरीरक्रियाशास्त्राची एम.एस्सी. केली, तर माणूस त्या विषयाचा अध्यापक होऊ शकतो. एमबीबीएसच्या रांगेत तो बारावीच्या मुलाच्या बरोबरीनेच उभा राहतो. बारावीचे गुणही पात्रतेपुरतेच : खुल्या प्रवर्गाला तीन शास्त्र विषयांत मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के. त्यापुढे सगळे काही मे महिन्यातल्या एका दुपारी सोडवलेल्या एका प्रश्नपत्रिकेवर ठरते आणि देशातल्या प्रवेशासाठी ते गुण त्याच वर्षापुरते चालतात. दुसरी संधी म्हणजे तोच अभ्यासक्रम पुन्हा वाचणे, एवढाच अर्थ त्यामुळे शिल्लक राहतो.

हे नेहमी असे नव्हते. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, तेव्हा त्यांच्याकडे महाविद्यालयीन पदवी नव्हती. आपण वैद्यक का शिकू इच्छितो हे त्यांनी पत्रातून सांगितले आणि अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना घेतले. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. महाराष्ट्रात पुढे इंटर सायन्सचे गुण पाहिले जात. १९७० च्या दशकात दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आल्यावर बारावीचे गुण निर्णायक झाले. शतक पालटताना राज्याची सीईटी आली. नीट पहिल्यांदा ५ मे २०१३ रोजी झाली, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला आणि २०१७ पासून राज्यातले एमबीबीएस प्रवेश पूर्णपणे नीटवर होऊ लागले. दर बदलात एक अख्खी तुकडी मधल्या मध्ये सापडली. २०१३ साली नीट दिलेल्या मुलाला पुढच्या वर्षी पुन्हा सीईटीची तयारी करावी लागली होती.

बारावीच्या गुणांच्या काळातच लातूरचे नाव झाले. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद विज्ञान महाविद्यालय यांनी जादा तास, सतत सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी यांचा जो शिरस्ता घातला, त्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात. परीक्षा बदलली तरी शिरस्ता टिकला. तो महाविद्यालयांतून खासगी शिकवण्यांत गेला आणि शहरात ‘ट्यूशन एरिया’ उभा राहिला : शिकवणीवर्ग, वसतिगृहे, मेस, झेरॉक्सची दुकाने, रात्री उशिरापर्यंत उघड्या अभ्यासिका. रिपीटरांच्या स्वतंत्र बॅच नीटच्या निकालानंतर सुरू होतात. ‘फ्रेशर’ मुलाला सकाळी कॉलेज, प्रात्यक्षिके आणि बोर्डाची परीक्षा असते. रिपीटरला यांतले काहीच नसते. वर्ग, टेस्ट, चुकांची वही आणि पुन्हा टेस्ट, एवढाच त्याचा दिवस.

दिंद्रुडच्या बाजूने पाहिले, तर हे वर्ष का लागते याची कारणे अगदी ठोस आहेत. गावातली दहावी बहुधा मराठी माध्यमातून झालेली असते आणि अकरावी विज्ञानात सारे इंग्रजीत येते. प्रकाशसंश्लेषण माहीत असते, पण ‘फोटोसिंथेसिस’वरचा चार पर्यायांचा प्रश्न वाचताना वेळ जातो. अकरावीचे निम्मे वर्ष भाषेशी झगडण्यात सरते. नीट मराठीतूनही देता येते. मात्र शिकवण्या, प्रश्नसंच आणि टेस्ट सिरीज बहुतेक इंग्रजीत असल्याने फार थोडे विद्यार्थी ती वाट घेतात. दुसरे कारण पुस्तकांचे. राज्य मंडळाची पुस्तके वेगळी आणि नीटचा प्रश्न उतरतो तो एनसीईआरटीच्या ओळीतून. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण, त्या पुस्तकांवर किती हात बसला आहे यावर अवलंबून असतात. तिसरे कारण उणे गुणांचे : बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला उणे एक. बोर्डाच्या परीक्षेत काहीतरी लिहून यायची सवय इथे नुकसान करते. कोणता प्रश्न सोडायचा हे शिकणे हा रिपीटर वर्षातला खरा धडा असतो आणि तो टेस्ट देत राहिल्याशिवाय येत नाही. पहिल्या प्रयत्नातल्या कमी गुणांवरून मुलाची कुवत ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. ज्याला शहरातल्या मुलाने सहावी-सातवीपासून ‘फाउंडेशन’मध्ये केलेला अभ्यास दोन वर्षांत गाठायचा असतो, त्याचे तिसरे वर्ष ही चैन मानता येत नाही.

स्पर्धेचे आकडे कठोर आहेत. २०२५ मध्ये २२ लाख ९ हजारांवर विद्यार्थ्यांनी नीट दिली आणि १२ लाख ३६ हजारांवर पात्र ठरले. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. ‘क्वालिफाय’ होणे आणि प्रवेश मिळणे यांतले हे अंतर गावाकडे अनेकदा कळत नाही आणि पेढे वाटून झाल्यावर लक्षात येते. त्यात गुणांची किंमतही वर्षागणिक बदलते. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा पेपर अवघड गेला आणि देशात पहिला आलेल्याला ६८६ मिळाले. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. मागच्या वर्षीच्या कटऑफवरून ‘अजून चाळीस गुण हवेत’ असा हिशेब मांडणाऱ्या रिपीटरचा हिशेब असा पायाखालून सरकतो. २०२४ साली तर निर्णय घेणेच अवघड झाले. ४ जूनला निकाल, वाढीव गुणांचा वाद, १,५६३ जणांसाठी २३ जूनला फेरपरीक्षेची संधी, पेपरफुटीचे खटले. संपूर्ण परीक्षा पुन्हा होणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २३ जुलैला. रिपीटरच्या बॅचला पैसे भरावेत की फेरपरीक्षेची वाट पाहावी, या पेचात हजारो घरांचा दीड महिना गेला.

रिपीट किती सार्वत्रिक आहे याची सर्वांत स्पष्ट मोजणी तमिळनाडूत झाली. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, त्या राज्यात प्रवेश मिळवणाऱ्यांत रिपीटरांचे प्रमाण २०१६-१७ मध्ये १२.४७ टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते ७१.४२ टक्क्यांवर गेले. म्हणजे अपवाद होता तोच नियम झाला. बारावीनंतर थेट प्रवेश मिळवणारा अल्पसंख्य ठरत असेल, तर एमबीबीएसचा अभ्यासक्रम प्रत्यक्षात एक वर्षाने लांबला आहे आणि त्या जादा वर्षाचा सगळा भार विद्यार्थ्याच्या घरावर आहे, असेच म्हणावे लागते.

बीड जिल्ह्यात हा भार काय असतो हे सांगायला ऊसतोडीचा उल्लेख पुरेसा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरात एकरकमी पैसा येतो तो मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा. शेती असेल तर कापूस-सोयाबीन विकल्याचा. रिपीटरची फी, खोलीभाडे आणि मेस मात्र जून-जुलैत, पेरणीच्या ऐन वेळी मागितली जाते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणीवर्गांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत द्यावी असे म्हटले आहे. पालकांनी ही तरतूद माहीत करून घ्यावी आणि पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. नागपूरची महाज्योती ही सरकारी संस्था इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांतल्या विद्यार्थ्यांना नीटचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब्लेट देते, पण ती योजना दहावीनंतर विज्ञान शाखेत गेलेल्यांपासून सुरू होते. पुण्यात ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ ही वैद्यकीय विद्यार्थी आणि तरुण डॉक्टरांनी चालवलेली संस्था गरीब घरांतल्या आणि मेळघाटासारख्या आदिवासी भागातल्या मुलांची मोफत तयारी करून घेते. असे प्रयत्न मोलाचे आहेत. मागणीच्या मानाने ते फार थोडे आहेत.

ज्या प्रवेशासाठी हा सगळा आटापिटा, तो देणारे एक महाविद्यालय मात्र बीड जिल्ह्यातच आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. दिंद्रुडकडचे रुग्ण उपचारांसाठी तिथे जातात. मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगर (१९५६), अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर अशी चारच शासकीय महाविद्यालये दीर्घकाळ होती. धाराशिव, परभणी आदींची भर अलीकडे पडली. राज्य कोट्यातल्या जागा विभागवार ७०:३० अशा (७० टक्के त्याच विभागातल्या मुलांसाठी) वाटल्या जात, तेव्हा मराठवाड्यातल्या मुलाला विदर्भ-मुंबई-पुण्याकडच्या मुलापेक्षा जास्त गुण मिळवूनही बाहेर राहावे लागे. सप्टेंबर २०२० मध्ये ही विभागणी रद्द झाली. घोषणा केली ती तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी, जे लातूरचेच आमदार. रिपीटरांच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत उपकारक निर्णय होता.

रिपीट करावे की नाही, याचा निर्णय प्रवेशफेऱ्या सुरू असतानाच घ्यावा लागतो. बीएएमएस, बीएचएमएस आणि बीडीएसचे प्रवेशही नीटवरच होतात. त्यामुळे पहिल्याच वर्षी बीएएमएसची जागा मिळत असेल, तर ती घ्यायची की सोडायची हा घरोघरचा वाद असतो. काही जण बी.एस्सी.ला नाव घालून ठेवतात आणि वर्षभर लातूरला राहतात. परीक्षा जमली नाही तर वर्ष वाया जात नाही आणि गॅपचे प्रतिज्ञापत्रही करावे लागत नाही. हजेरी आणि प्रात्यक्षिके सांभाळता आली, तर ही वाट शहाणपणाची आहे, कारण अमेरिकेतल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासारखे हातात काहीतरी ठेवणारी आपल्याकडे ती एकच सोय आहे. परदेशी एमबीबीएसच्या जाहिराती याच काळात गावोगाव येतात. तिकडे जायलाही नीट पात्रता लागते, तिचे गुण त्यासाठी तीन वर्षे चालतात आणि परतल्यावर इथली परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

मुलींसाठी हे वर्ष आणखी जड जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातले बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट आढळले होते. अशा भागात बारावी झालेली मुलगी ‘घरीच’ आहे असे दिसणे म्हणजे स्थळे येऊ लागणे. मुलाच्या गॅपकडे गाव तयारी म्हणून पाहते. मुलीच्या गॅपला मुदत घातली जाते आणि बहुधा ती एकाच प्रयत्नाची असते. नियम इतका कडक नाही. नीटच्या प्रयत्नांना मर्यादा नाही. २०१७ साली घातलेली २५ वर्षांची वयोमर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली. आता प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असणे एवढीच वयाची अट उरली आहे. बी.एस्सी. किंवा नर्सिंग करता करता, अगदी लग्नानंतरही, ती पुन्हा अर्ज भरू शकते.