सौभद्रातला संन्यासी

वीर तोच, राक्षस तेच आणि शेवटचा जयजयकारही तोच, अशी मालिका फार वर्षे चालली की भक्तही जांभया देऊ लागतात. मग त्या वीराला पुन्हा ताजे कसे करावे? आपल्या रंगभूमीला हा प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच पडला होता.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. पुढे राम, कृष्ण, पांडव यांची आख्याने गावोगाव होत राहिली. सूत्रधार पदे म्हणे, राक्षस आरोळ्या ठोकीत आणि तलवारी परजीत येत. लोक पुढे या खेळांना 'अलल्डुर्र' नाटके म्हणू लागले. त्या नावातच थट्टा आहे. विनोद त्यांत होता, पण तो विदूषकाच्या वाट्याचा. विदूषक बाजूला झाला, की वीर पुन्हा खांबासारखा ताठ!

अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे कुंपण मोडले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक रंगले. पुढच्या वर्षी संपूर्ण नाटक आले. सुभद्रा दुर्योधनाला मिळणार म्हणून हताश झालेला गांडीवधारी अर्जुन यात संन्यास घेतो. भोळा बलराम त्या यतीवर इतका भाळतो, की त्याच्या सेवेला सुभद्रेलाच नेमतो! वैराग्याचा आव आणणाऱ्या अर्जुनाची तारांबळ पाहून प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच्या बाजूचा होतो. येथे विनोद उसना आणलेला नाही. तो वीराच्या अडचणीतूनच उगवला आहे.

देवादिकांना असे हसण्यावारी नेले तर त्यांचा मान राहील काय, असे आमच्या पेणकडची काही वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांना मी आमच्याच गणपतीच्या कारखान्यांकडे बोट दाखवतो. तेथे गजानन कधी सिंहासनावर बसतो, कधी लोडाला टेकून ऐसपैस रेलतो. आसन बदलले म्हणून कोणाची भक्ती घटल्याचे ऐकिवात नाही.

रोह्याच्या शाळेतली माझी मुले थॉरचे चित्रपट आवडीने पाहतात. थॉर हा युरोपच्या उत्तरेकडील प्राचीन लोकांचा मेघगर्जनेचा देव. त्याचे २०११ आणि २०१३ चे चित्रपट बरेचसे गंभीर होते. २०१७ साली न्यूझीलंडच्या ताइका वाइटिटी यांनी तिसरा केला. त्यात थॉरचा हातोडा फुटतो, लांब केस कापले जातात आणि त्याची यथेच्छ फजिती होते. पण शेवटी त्याची नगरी नष्ट होते, तेव्हा हसलेली मुलेच हळहळतात. किर्लोस्करांची युक्तीच ही! विनोदाने वीराचे शस्त्र खुशाल काढून घ्यावे. त्याचे शील मात्र घेऊ नये. ते गेले, की उरतो तो नुसता चाळा.

मुलांना महाभारत कंटाळवाणे वाटते, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. फराळाच्या ताटाभोवती त्यांना हा खोटा संन्यासी सांगून पाहा. कुरुक्षेत्रावरचा खरा अर्जुन ती आपणहून विचारीत येतील.