बीड जिल्हा : शासनव्यवस्था

मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था या तीन स्तरांवरून चालणारा कारभार. हैदराबाद संस्थानाचा भाग असलेला हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे.

अधिकारांची वाटणी : संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघ, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूची आहेत. रेल्वे हा केंद्राचा विषय. पोलीस, जमीन महसूल, शेती हे राज्याचे. वीज आणि शिक्षण समवर्ती. समवर्ती विषयात दोन कायद्यांचा विरोध आला, तर सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो.

विधिमंडळ : बीड लोकसभा मतदारसंघातून एक खासदार निवडला जातो. त्यात गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. केज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, तर स्थानिक संस्थांच्या राज्य निवडणूक आयोग.

कार्यकारी यंत्रणा : जिल्हाधिकारी भारतीय प्रशासन सेवेचे असतात. या सेवेची निवडपरीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो, पण जिल्हाधिकारी राज्य शासनाच्या आदेशाखाली काम करतात. त्यांच्या वर छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय आयुक्त, तर खाली उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी अशी महसुली उतरंड आहे. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. पोलीस अधीक्षक राज्याच्या गृह विभागाखाली येतात. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते.

स्थानिक स्वराज्य : ग्रामपंचायती १९५८ च्या, तर पंचायत समित्या व जिल्हा परिषद १९६१ च्या राज्य कायद्याने चालतात. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने या स्तराला संवैधानिक दर्जा मिळाला. अधिकार किती सोपवायचे, हे मात्र राज्य विधिमंडळच ठरवते. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई व धारूर येथे नगरपरिषदा, तर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी व केज येथे नगरपंचायती आहेत.

न्यायव्यवस्था : अमेरिकेत संघराज्याची आणि घटक राज्यांची न्यायालये वेगळी असतात. भारतात एकच साखळी केंद्र व राज्य या दोघांचेही कायदे लावते. तालुका न्यायालयांवर बीडचे जिल्हा व सत्र न्यायालय, त्यावर १९८१ मध्ये सुरू झालेले मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय, असा अपिलाचा मार्ग आहे.

स्तरांमधील व्यवहार : सूचींत विषय वेगळे केलेले असले, तरी पैसा आणि अंमलबजावणी बहुधा सामायिक असते. २६१ किमी.च्या अहिल्यानगर–बीड–परळी लोहमार्गाचा निम्मा खर्च राज्याने उचलला; बीडपर्यंत प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी धावली. ऊसतोड मजुरांच्या या जिल्ह्यात उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) केंद्र ठरवते, पण मजुरांसाठीचे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्याचे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पीक विम्याचे. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप अन्नधान्य व तेलबियांसाठी शेतकऱ्याने विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के हप्ता भरावा आणि उरलेला केंद्र व राज्याने वाटून घ्यावा, अशी रचना होती. वारंवार अवर्षण झेलणाऱ्या बीडसाठी २०२० च्या खरिपात विमा कंपन्या पुढे आल्या नाहीत. तेव्हा राज्याने केंद्राच्या संमतीने भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत ‘८०:११०’ सूत्र लागू केले. नुकसानभरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेल्यास वरचा भार राज्याने सोसायचा. ती ८० टक्क्यांहून कमी राहिल्यास कंपनीने हप्त्याचे २० टक्के स्वतःकडे ठेवून उरलेली शिल्लक राज्याला परत करायची. ‘बीड पॅटर्न’ या नावाने ओळखले जाणारे हे सूत्र २०२२ मध्ये राज्यभर स्वीकारले गेले.