प्रतिलेखन, भाषांतर आणि वर्णन : इन्सुलिनच्या जनुकाचा वाद

अमेरिकेतील फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने २२ जुलै १९९७ रोजी दिलेल्या एका निकालात, वस्तूचे नाव सांगणे म्हणजे तिचे वर्णन करणे होय काय, हा प्रश्न निर्णायक ठरला. वादी कॅलिफोर्निया विद्यापीठ, प्रतिवादी एली लिली ही औषधनिर्माती कंपनी, आणि वादाचा विषय मानवी इन्सुलिनचे जनुक. शब्द व अर्थ यांच्या संबंधाची चर्चा भारतीय शास्त्रपरंपरेस नवी नाही. पण तिच्यावर एका औषधासंबंधीच्या हक्काचा निवाडा अवलंबून राहावा, ही गोष्ट विरळाच म्हटली पाहिजे. हा वाद समजावयाचा, तर ज्या दोन सूक्ष्म सृष्टींनी तो संभवनीय केला त्यांचा इतिहास आधी पाहणे प्राप्त आहे. त्यांतील एक मनुष्याच्या आतड्यात राहणारा जीवाणू, व दुसरी कोंबड्यांच्या रोगातून सापडलेली विषाणूंची जात.

आतड्यातील जीवाणूची ओळख १८८५ साली झाली. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तो अर्भकांच्या विष्ठेत पाहिला, व पुढे त्याच्याच नावावरून त्यास एशेरिकिया कोलाय ही संज्ञा मिळाली. १९२२ साली स्टॅनफर्ड येथे एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केलेला 'के-१२' हा त्याचा वाण लेडरबर्ग व टेटम यांनी १९४६ मध्ये जीवाणूंतील जनुकांची देवघेव सिद्ध करण्यासाठी वापरला, आणि तेव्हापासून आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळांत याच जीवाणूचे राज्य सुरू झाले. सॅनफ्रान्सिस्को येथील हर्बर्ट बॉयर यांच्या प्रयोगशाळेस याच जीवाणूच्या दुसऱ्या एका वाणात डीएनएचा धागा ठरावीक अक्षरक्रमापाशी तोडणारे विकर मिळाले. नोव्हेंबर १९७२ मध्ये होनोलुलू येथील परिषदेत बॉयर व स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन यांची गाठ पडली. कोहेन यांच्याजवळ प्लाझ्मिडे, म्हणजे जीवाणूंत स्वतंत्रपणे वाढणारी डीएनएची कडी होती. दोहोंच्या संयोगातून परका डीएनए जीवाणूत घालून वाढविण्याची कृती १९७३ मध्ये सिद्ध झाली.

विषाणूची कथा अधिक नाट्यमय आहे, पण येथे ती थोडक्यात सांगणे पुरे. पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की, कोंबडीतील एक अर्बुद पेशीविरहित गाळाने दुसऱ्या कोंबडीत संक्रांत होते. या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळण्यास १९६६ साल उजाडले! त्या विषाणूचा अभ्यास करणारे हॉवर्ड टेमिन १९६४ पासून प्रतिपादीत होते की, आरएनएचा बनलेला हा विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःची डीएनएमधील प्रत तयार करतो. त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९७० मध्ये टेमिन व मिझुतानी यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, ही उलट प्रत करणारे विकर विषाणूच्या अंगातच असल्याचे दाखविले. अशा विषाणूंना पुढे जे 'रेट्रो' हे उपपद लागले ते या उलट गतीमुळे.

जीवशास्त्रज्ञांनी या व्यापारांसाठी योजलेल्या संज्ञा भाषाव्यवहारातून घेतलेल्या आहेत. डीएनएवरून आरएनए बनते ते 'प्रतिलेखन', व आरएनएवरून प्रथिन बनते ते 'भाषांतर'. ही केवळ अलंकारिक बोली मानून सोडून देणे योग्य होणार नाही. कारण दोहोंतील भेद या संज्ञा नेमकेपणाने दाखवितात. प्रतिलेखनात अक्षरास अक्षर असते. एका थायमिनच्या जागी युरॅसिल येते, इतकाच फरक. मोडी दप्तराची बाळबोध नक्कल काळजीपूर्वक केलेली असेल, तर तिच्यावरून मूळ मजकूर बहुतांशी हाती येतो. त्याच दप्तराचे इंग्रजी भाषांतर मात्र कितीही चांगले असले, तरी मुळातले शब्द परत देऊ शकत नाही. विषाणूच्या विकराने प्रतिलेखन उलटविले. भाषांतर उलटविणारे विकर अद्याप कोणास मिळालेले नाही.

इन्सुलिनच्या बाबतीत हा भेद कळीचा ठरला. त्यातील अमिनो आम्लांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांच्या कार्यामुळे १९५५ पर्यंत उलगडला होता. मानवी इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले आहेत, आणि त्यांत ल्यूसिन सहा वेळा येते. ल्यूसिनसाठी जनुकाच्या लिपीत सहा पर्यायी त्र्यक्षरे आहेत. म्हणजे या एकाच आम्लापायी मूळ पाठाच्या ४६,६५६ शक्यता उत्पन्न होतात. इतर आम्लांचे पर्याय धरले तर संख्या कल्पनेपलीकडे जाते. प्रथिन पुरते ठाऊक असूनही निसर्गाने त्याचे जनुक कसे लिहिले आहे, हे त्यावरून सांगता येत नव्हते.

१९७७ मध्ये सॅनफ्रान्सिस्को येथे उलरिख, रटर, गुडमन व त्यांचे सहकारी यांनी उंदराच्या स्वादुपिंडातील आरएनए घेतले, कोंबड्यांच्या रक्तार्बुदाच्या विषाणूतील विकराने त्याची डीएनएमध्ये प्रत केली, आणि ती प्रत आतड्यातील जीवाणूत वाढवून तिच्यातील अक्षरे वाचली. त्याच वर्षी उच्च जीवांच्या जनुकांत निरर्थक वाटणारे खंड मध्येमध्ये असतात, हे उघडकीस आले. ते गाळण्याची शक्ती जीवाणूस नसल्याने आरएनएवरून केलेल्या या प्रतीचे महत्त्व अधिकच वाढले. गमतीचा भाग असा की, अशा प्रयोगांसाठी १९७६ मध्ये अलाबामा येथे रॉय कर्टिस यांनी जो दुबळा वाण घडविला, तो आतड्यातील पित्तक्षारांत तग धरू शकत नसे. आतड्यातील रहिवाशास तेथून कायमचे हद्दपार करूनच त्याला कामास लावण्यात आले!

विद्यापीठाने मे १९७७ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला. त्यात उंदराच्या जनुकाचा पाठ अक्षरशः दिला होता. मानवी जनुकाचा पाठ मात्र नव्हता. तो कोणत्या रीतीने मिळविता येईल ती रीत, आणि मानवी इन्सुलिनच्या अमिनो आम्लांचा क्रम, एवढेच होते. तरीही हक्क मागितला तो उंदरापुरता नव्हे, तर सर्व पृष्ठवंशीय प्राणी, सस्तन प्राणी व मनुष्य यांच्या इन्सुलिनवर. मनुष्याचा खरा पाठ हाती यावयास सुमारे दोन वर्षे लागली.

दरम्यान जेनेन्टेक या कंपनीच्या व सिटी ऑफ होप या संस्थेच्या संशोधकांनी निराळीच वाट धरली. त्यांनी निसर्गाचा मूळ पाठ शोधलाच नाही. अमिनो आम्लांच्या क्रमावरून, आपल्या पसंतीची त्र्यक्षरे निवडून, त्यांनी १९७८ मध्ये जनुक रसायनांपासून रचले व याच जीवाणूकडून इन्सुलिनच्या दोन्ही साखळ्या करविल्या. भाषांतरावरून नवाच मूळ ग्रंथ लिहावा, तसा हा प्रकार. या प्रयत्नातून लिली कंपनीचे मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि तोवर डुकराच्या व गुरांच्या स्वादुपिंडावर विसंबून असलेल्या मधुमेहींना दुसरा आधार मिळाला.

विद्यापीठास एकस्व मिळाले ते १९८७ मध्ये. १९९० मध्ये त्याने लिलीवर दावा लावला. अपील न्यायालयाचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लॉरी स्वतः रसायनशास्त्राचे डॉक्टर होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. निकालाचा आशय असा की, 'मानवी इन्सुलिन घडविणारा डीएनए' हे शब्द ती वस्तू काय करते हे सांगतात, ती काय आहे हे सांगत नाहीत; आणि मिळविण्याची रीत सांगितल्याने मिळवावयाच्या वस्तूचे वर्णन होत नाही. उंदराच्या एका पाठावरून साऱ्या सस्तन प्राण्यांचे पाठ वर्णिले गेले, हेही न्यायालयाने मानले नाही. मनुष्य, सस्तन व पृष्ठवंशीय यांवरील हक्क अवैध ठरले.

या निकालावर टीका पुष्कळ झाली. रीत ठाऊक असता पाठ मिळविणे हे हातकामच उरते, असे टीकाकारांचे म्हणणे. परंतु ज्या दोन वर्षांत तो पाठ कोणाजवळच नव्हता, त्यांचा हिशेब या टीकेत लागत नाही. तेवढ्यापुरती तरी न्यायालयाची बाजू अधिक सबळ दिसते. वर्णनाची ही अट केवळ जनुकांपुरती नसून सर्वच एकस्वांस स्वतंत्रपणे लागू आहे, असे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१० मध्ये एरिअड या कंपनीच्या खटल्यात ठरविले. त्याही खटल्यात प्रतिवादी लिलीच होती.