स्टॉकहोमचं ऊन

स्वीडन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. पण १४ जुलै १९१२ रोजी स्टॉकहोममध्ये पारा ३२ अंशांच्या घरात होता. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण धावणाऱ्याला तो पुरेसा असतो. त्या दिवशी ऑलिंपिकची मॅरेथॉन भर दुपारी, पावणेदोनच्या सुमारास सुटली. ६८ जण धावले, पोचले जेमतेम निम्मे.

त्यांत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो होता, पेशानं सुतार. उद्घाटनाच्या संचलनात देशाचा झेंडा त्याच्याच हाती होता. उन्हाचा चटका बसू नये म्हणून त्यानं अंगाला मेण-चरबी चोपडली होती, असं सांगतात. त्या लेपानं घामच कोंडला. घाम उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो; माठातलं पाणी गार होतं ते असंच. माठाला बाहेरून तेलरंग फासला, तर पाणी गार होईल का? लाझारो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आधुनिक ऑलिंपिकच्या शर्यतीत जीव गमावलेला तो पहिला धावपटू.

धावताना पाणी पिणं हा तेव्हा अनेकांना कमकुवतपणा वाटे. १९०४ साली सेंट लुईसला तर ऑगस्टच्या उन्हात, धुळीच्या वाटेवर पाण्याची सोय एक-दोन ठिकाणीच होती. ३२ पैकी १४ जण पोचले. स्टॉकहोमला दक्षिण आफ्रिकेचे मॅकआर्थर आणि गिटशॅम बरोबरीनं धावत होते. गिटशॅम पाण्यासाठी थांबला. सोबती आपल्यासाठी थांबेल, असा त्याचा समज होता म्हणे. मॅकआर्थर थांबला नाही आणि जिंकला! बघणाऱ्यांनी यातून काय धडा घेतला असेल, या विचारानं मला आजही धास्ती वाटते.

आमच्या गावच्या तालमीतले वस्ताद (हा शब्द मूळचा 'उस्ताद') शाळेची पायरी चढले नव्हते. पण त्यांच्या जोर-बैठका अंधारात सुरू होत आणि ऊन चढायच्या आत संपत. नवख्या पोराकडून उन्हाळ्यात पहिले काही दिवस निम्मीच मेहनत करून घेत. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, हे डॉक्टर आज सांगतात. अमेरिकेच्या मरीन दलानं १९५६च्या सुमारास नुसत्या पाऱ्याऐवजी दमटपणा, ऊन आणि वारा धरून कवायत कधी थांबवायची हे ठरवायला सुरुवात केली. चक्कर, मळमळ आली, माणूस बरळू लागला, तर तिथंच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावं आणि दवाखाना गाठावा.

त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी होता. जहाज आणि रेल्वेनं अठरा दिवस प्रवास करून आलेला. उन्हानं त्याला भोवळ आली. वाटेतल्या एका कुटुंबानं त्याला आसरा दिला, पाणी पाजलं. तो वाचला, पण शरमेनं कुणालाही न सांगता मायदेशी निघून गेला. स्वीडनच्या लेखी तो बेपत्ता! खरं तर हा 'बेपत्ता' गडी १९२० साली अँटवर्पला पुन्हा धावून सोळावा आला होता. त्याच शर्यतीत आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले.

१९६७ साली स्वीडननं कानाकुरीला बोलावलं. पंचाहत्तरीच्या त्या म्हाताऱ्यानं स्टॉकहोमला राहिलेली शर्यत पुरी केली. वेळ नोंदली गेली : ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद.