राशीची अक्षय्यता
आकार, मांडणी किंवा भांडे बदलले तरी वस्तूचे प्रमाण तेवढेच राहते, ही समज. बालविचाराच्या वाढीतील ही मोठी पायरी आहे असे स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी मानले. तरुणपणी पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्यांना बरोबर उत्तरांपेक्षा चुकांचे कुतूहल वाटू लागले, कारण एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकत होती. चुकीमागेही मुलाचा स्वतःचा तर्क असतो, या जाणिवेतून त्यांचे पुढचे सारे संशोधन उभे राहिले.

त्यांचा प्रसिद्ध प्रयोग साधा आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी असते आणि मूल ते मान्य करते. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद भांड्यात ओततात व पुन्हा विचारतात. चार-पाच वर्षांचे मूल उंच भांड्यात पाणी जास्त आहे असे ठामपणे सांगते. ओतताना त्याने पाहिलेले असते. पण उंचीकडे लक्ष गेले की रुंदी निसटते. सातव्या वर्षाच्या सुमारास उत्तर पालटते आणि सोबत कारणेही येतात: काही घातले नाही, काही काढले नाही, परत ओतले तर पहिल्यासारखे होईल, उंच आहे, पण बारीकही आहे. तरीही समज सगळीकडे एकदम पोचत नाही. मातीच्या गोळ्याची वळी केली तरी माती तेवढीच, हे ओळखणारे मूल वजनाबाबत आणखी वर्ष-दोन वर्षे अडते. घनफळ कळायला अकरावे-बारावे वर्ष उजाडते.

पियाजे यांनी सांगितलेले हे वयाचे टप्पे मुलांना मोजायच्या वेळापत्रकासारखे वापरले जातात, ते योग्य नाही. विचारणारा कोण आणि कसा विचारतो, यावरही उत्तर ठरते. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपले आधीचे उत्तर चुकले असावे, असे मुलाला वाटू शकते. जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ प्रयोगकर्त्याऐवजी खेळण्यातल्या खोडकर अस्वलाकडून विस्कटवली, तेव्हा चार ते सहा वर्षांची कितीतरी अधिक मुले ‘सारख्याच’ म्हणाली. अस्वलाच्या गमतीत बदलाकडे मुलांचे लक्षच जात नसेल, असा आक्षेपही पुढे आला.

सेनेगलमधील वोलोफ मुलांबरोबर पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी केलेला अभ्यास (१९६६) अधिक बोलका आहे. शाळेत न जाणारी काही मुले पाणी वाढल्याचे कारण देताना ‘ते तुम्ही ओतलेत’ असे म्हणत. ओतण्याचे काम त्यांच्याच हाती दिल्यावर हे कारण मागे पडले आणि बरोबर उत्तरे वाढली. सरावाचाही वाटा दिसतो: मेक्सिकोतील कुंभारांची मुले मातीच्या प्रमाणाबाबत त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा पुढे असल्याचे १९६९ मध्ये दिसून आले.