खुरसणी, नागली आणि जुन्या ग्रंथांतली चित्रे

पावसाळा सरता सरता जव्हार-मोखाड्याचे माळ पिवळे होतात. ती खुरसणी. देशावर हिलाच कारळे म्हणतात. नाव ऐकून वाटेल, ही खुरासानहून आली असावी. पण वनस्पतिशास्त्रातले तिचे नाव 'गिझोटिया ॲबिसिनिका', म्हणजे ॲबिसिनियाची, आपल्या भाषेत हबशाची. मलिक अंबर जिथून आला तोच मुलूख. शेजारच्या उतारावर उभी असलेली नागलीसुद्धा मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली.

हे वर्गात सांगितले की मुले म्हणतात, "सर, नागली तर आमची!" बरोबरच आहे. पिढ्यान्‌पिढ्या राब भाजून, रोपे लावून, भाकरी आणि आंबील करून जिने घर चालवले, तिला परकी कोण म्हणेल? 'बाहेरचा' हा शब्द आपल्याकडे माणसांनाही फार सहज चिकटवला जातो, म्हणून मी इथे जरा थांबतो आणि आफ्रिकेच्या झाडांची जुनी छापील चित्रे कुठे सापडतात ते मुलांना सांगतो.

प्रॉस्पेरो अल्पिनी नावाचा इटालियन हकीम 1580 च्या सुमारास व्हेनिसच्या वकिलाबरोबर कैरोला गेला. 1592 मध्ये त्याने इजिप्तच्या वनस्पतींवर सचित्र पुस्तक छापले. त्यात कॉफीचे झाड आहे, आणि 'बाहोबाब' नावाचे एक फळही आहे. कॉफी मूळची हबशाची, ते फळही इजिप्तचे नव्हे. दक्षिणेकडून कैरोच्या बाजारात येई आणि तापावर वापरले जाई. अल्पिनीने दोन्ही कैरोत पाहिली, म्हणून इजिप्तच्या पुस्तकात घातली. अरबीतली नावे मात्र त्याने राखली: कॉफीच्या 'बुन'चे 'बॉन' केले एवढेच. बाहोबाब म्हणजे आपली गोरखचिंच. वसई-मुंबईकडे तिचे जाडजूड बुंधे आजही दिसतात.

चिंचेची गंमत तर याहून मोठी. अरबांनी तिला 'तमर हिंदी', हिंदुस्थानचा खजूर म्हटले. लिनियसने 1753 मध्ये 'टॅमरिंडस इंडिका' लिहून त्यावर शिक्का मारला. झाड मूळचे आफ्रिकेचे! आपल्या लोकांनी गोरखचिंचेला 'चिंच' म्हटले, तेव्हा दोघींचे माहेर एकच आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नसणार.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'हॉर्टस मलबारिकस'. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 12 खंड करवले. ते 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला निघाले. सातशेहून अधिक चित्रे. पहिल्या खंडात चिंच आहे, शेवटच्या खंडात नागली. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते. या तिघांचे 1675 चे कोंकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापले आहे. छापील नागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी ते एक. कित्येक चित्रांवर झाडाचे नाव रोमन, मल्याळी, नागरी आणि अरबी अशा लिप्यांत कोरलेले आहे. सकाळी मराठी आणि दुपारी उर्दू शिकवणाऱ्याला एकाच पानावर नागरी आणि अरबी अक्षरे शेजारी दिसली की काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

मात्र मलबारच्या ग्रंथात आली म्हणून चिंच-नागली युरोपच्या वाचकाला मलबारचीच वाटली. अल्पिनीच्या पुस्तकात कॉफीचे झाले, तेच.

हबशात प्रत्यक्ष फिरून तिथली झाडे काढून आणणारा जेम्स ब्रूस पुढे शंभर वर्षांनी आला. त्याचा पाच खंडांचा प्रवासग्रंथ 1790 चा. शेवटच्या खंडात तिथल्या टेफ या बारीक धान्याचे चित्र आहे, जे नागलीसारखेच डोंगरावरच्या गरिबाचे पोट भरते.

व्हान ऱ्हेडे 1691 मध्ये मुंबईजवळ समुद्रात जहाजावर वारला. त्याला सुरतेच्या डच दफनभूमीत पुरले. कबरीवरची इमारत मोठी, घुमटाची, आपल्याकडच्या मकबऱ्यांच्या धर्तीची आहे.