खासगीची शिल्लक

मुंबई-आग्रा रस्त्यावरील पलासिया हे एकेकाळचे खेडे इंदूर शहराने केव्हाच पोटात घेतले; परंतु होळकर दरबारच्या चाकरीसाठी दक्षिणेतून माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची एक रीत तेथील घरांतूनही चालत आली, ती म्हणजे यजमानाच्या मिळकतीतून काटकसरीने उरवलेले चार पैसे गृहिणीने डाळीच्या डब्याच्या तळाशी अथवा घडीच्या लुगड्याच्या पदरात गाठ मारून, घरखर्चाच्या हिशेबात न आणता, अडीअडचणीसाठी राखून ठेवणे. या रीतीचे राजवैभवी रूप खुद्द होळकरांच्या कारभारात होते. त्याला खासगी म्हणत.

1734 मध्ये थोरल्या बाजीरावांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे सुमारे तीन लक्षांच्या वसुलाचा मुलूख निराळा तोडून दिला, तेव्हापासून फौजफाटा, मोहिमा व शिबंदी यांचा भार वाहणारी दौलत आणि घरच्या स्त्रीच्या अखत्यारीतील खासगी असे दोन खजिने झाले. एकाचा जमाखर्च दुसऱ्यात मिसळू नये, हा दंडक. मोहिमांच्या कर्जाने भलेभले सरदार जेरीस येत असताना ही शिल्लक शाबूत राहिली, याचे श्रेय मी या दंडकालाच देतो. गौतमाबाईंच्या पश्चात ती अहिल्याबाईंकडे आली. पुत्र मालेराव 1767 मध्ये निवर्तल्यावर राघोबादादांची दृष्टी या द्रव्याकडे वळली, तेव्हा बाईंनी, ‘यावर आम्ही तुळशीपत्र ठेवले आहे, ब्राह्मण या नात्याने हातावर उदक घेऊन दान स्वीकारणार असाल तर खुशाल न्यावे,’ असा निरोप धाडल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिचा शब्द न् शब्द खरा नसेलही. परंतु काशीविश्वेश्वराचे मंदिर 1780 मध्ये उभे राहिले ते खासगीच्या पैशातून, दौलतीच्या नव्हे.

पुढे दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. इंदूरच्या व्यापारास त्या मार्गाने बरकत आली, हे निर्विवाद. पण एवढी दीर्घ मुदत मला आजही खटकते, कारण ती सरण्यापूर्वीच, 1948 मध्ये, धनको संस्थान मध्यभारतात विलीन झाले. खासगीचे नाव मात्र पुसले गेले नाही. अहिल्याबाईंच्या मंदिरांची, घाटांची व धर्मशाळांची व्यवस्था पाहण्यासाठी 1962 मध्ये विश्वस्त संस्था स्थापन झाली, ती खासगीच्याच नावाने.